टीचरची चप्पल

आमच्या धाकट्याला शिकवायला जूनपासून एक मुलगी घरी येते. वय असेल बावीस-तेवीस. बी.एड. करतेय. साडेपाचला येते, सातला जाते. धाकटा चौथीत. सेमी इंग्लिशचं गणित मला झेपत नाही आणि यांना दुकानातून वेळ नाही, म्हणून ही सोय. आम्ही सगळे तिला ‘टीचर’ म्हणतो. धाकटा म्हणतो, सासूबाई म्हणतात, मीही म्हणते.

जुलैमधली गोष्ट. बाहेर धो धो पाऊस. सात वाजले, टीचर निघाली, तर दारातली तिची एक चप्पल गायब! सगळीकडे शोधलं. कोनाड्यात नाही, कुंड्यांच्या मागे नाही. धाकटा पोट धरून हसतोय. शेवटी वीस-पंचवीस मिनिटांनी कबूल झाला, की त्यानं ती गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे फेकलीय. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, ‘‘अगदी किसनदेव आहे हो आमचा!’’ मलाही हसू आवरलं नाही. टीचरही हसली. भिजून लगदा झालेली चप्पल पायात घालून गेली.

तिच्या हसण्याकडे मी नीट पाहिलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. आणि ते कळायला कारण झालं एक जुनं इंग्रजी पुस्तक.

थोरली मुलगी कॉलेजसाठी बाहेरगावी असते. बी.ए.ला इंग्रजी घेतलंय. गणपतीला घरी आली तेव्हा तिच्या बॅगेतलं एक पातळसं पुस्तक टेबलावर पडलं होतं. ‘अ‍ॅग्नेस ग्रे’. लेखिका अ‍ॅन ब्राँटी. ‘‘आई, वाच, सोपं आहे,’’ म्हणाली. गौरी-गणपतीच्या धबडग्यात कुठलं वाचन! पण विसर्जनानंतर घर रिकामं रिकामं वाटत होतं, म्हणून हातात घेतलं. शब्द अडला की मुलीला फोन. पंधरा दिवसांत संपवलं. संपवलं तेव्हा मात्र मला स्वतःचाच राग आला होता.

मैत्रिणींनो, ब्राँटी बहिणींचं नाव आपल्यापैकी अनेकींनी ऐकलं असेल. शार्लटची ‘जेन एअर’, एमिलीची ‘वुदरिंग हाइट्स’. त्या दोघींची ही धाकटी बहीण. सहा भावंडांत शेंडेफळ. जन्म १७ जानेवारी १८२० चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यातला. ती पावणेदोन वर्षांची नाही झाली तोच आई गेली. पुढे १८२५ मध्ये दोन मोठ्या बहिणी गेल्या. वडील हॉवर्थ गावच्या चर्चचे धर्मोपदेशक. मावशीनं येऊन मुलांना वाढवलं. राहतं घर चर्चचं. म्हणजे वडील आहेत तोवर छप्पर, वडील गेले की घर सोडायचं. हाताशी पैसा नाही, हुंड्याला काही नाही. भाऊ एकच, ब्रॅनवेल. सगळ्यांच्या आशा त्याच्यावर. तेव्हा मुलींना आपल्या पोटापाण्याचं आपणच बघणं भाग होतं.

त्या काळी इंग्लंडमध्ये बऱ्या घरातल्या, शिकलेल्या पण गरीब मुलीला अब्रूनं करता येईल असं काम जवळजवळ एकच होतं. गव्हर्नेस! श्रीमंतांच्या घरी राहायचं आणि त्यांच्या मुलांना शिकवायचं. १८५१ च्या जनगणनेत तिकडे अशा सुमारे २५ हजार गव्हर्नेस होत्या. लिहिणं-वाचणं, गाणं, चित्रकला, फ्रेंच असं सगळं तिला यायला हवं. शिवाय मुलांचे कपडे शिवायचे, उसवलेलं सांधायचं, हेही तिच्याकडेच. आणि तिची जागा घरात कुठे? तर कुठेच नाही. मालकांच्या पंगतीला ती पाहुणी नाही, नोकरांच्या ओट्यावर ती त्यांच्यातली नाही. मालक तिला नोकर समजणार आणि नोकर तिला ‘मोठी लागून गेलीय’ म्हणणार.

पगार तरी किती? शार्लटनं १८४१ मध्ये एका घरी नोकरी धरली, ती वर्षाला २० पौंडांवर. त्यातून कपडे धुण्याचा खर्च कापून घेतला जाई. हातात उरत १६ पौंड!

एप्रिल १८३९ मध्ये अ‍ॅन पहिल्या नोकरीला निघाली. वय एकोणीस. घरात सगळ्यांत लहान, बोलायला बुजरी. कुणी सोबत येतो म्हटलं तर ‘नको’ म्हणाली. एकटी गेली. मर्फील्ड गावाजवळ ब्लेक हॉल नावाची मोठी हवेली होती. भोवती बागबगीचा, दिमतीला नोकरचाकर. इंगहॅम कुटुंबाची ही हवेली. त्यांची थोरली दोन मुलं हिच्या ताब्यात दिली. मुलगा सहाचा, मुलगी पाचची.

ती पोरं म्हणजे भुईचक्र! शार्लटनं आपल्या मैत्रिणीला पत्रात कळवलंय, की दोघांनाही वाचता येत नाही, आणि लहर लागली की मुळाक्षरंसुद्धा येत नाहीत असं सांगून मोकळी होतात. ऐकत तर अजिबात नाहीत. आणि अ‍ॅनला शिक्षा करायचा अधिकार नाही. मुलं वाह्यातपणा करू लागली तर आईला सांगायचं. आता दिवसाकाठी किती वेळा सांगणार? मग रागवायचं, चुचकारायचं, धमकी द्यायची, पुन्हा चुचकारायचं. अशी सगळी कसरत. एकदा तिनं दोघांना टेबलाच्या पायाला बांधून ठेवलं आणि आपलं लिहीत बसली, अशी एक आख्यायिका सांगतात. खरी की खोटी कोण जाणे! पण खरी असली तरी मला तिचा राग येणार नाही. ते वर्ष संपता संपता तिला कामावरून काढून टाकलं. मुलांची प्रगती नाही, असं कारण.

हेच सगळं तिनं पुढे ‘अ‍ॅग्नेस ग्रे’मध्ये लिहिलं. कादंबरीतली अ‍ॅग्नेसही धर्मोपदेशकाची धाकटी लेक. वडिलांचा पैसा बुडतो आणि ती हौसेनं नोकरीला निघते. वाटतं, आपलं बालपण आपल्याला आठवतं, मग मुलांचं मन आपल्याला कळणार नाही का? किती भाबडी समजूत! ब्लूमफील्ड नावाच्या घरी ती जाते. वर्षाला २५ पौंड. तिथला सात वर्षांचा टॉम म्हणजे घरचा राजा. बहिणीला मारतो, टीचरलाही लाथा घालतो. धाकटी मेरी अ‍ॅन धडा नको असला की जमिनीवर लोळण घेते. उचलून उभी करा, पुन्हा लोळण. एक शब्द उच्चारायचा म्हणून तासभर हट्ट. सकाळी त्यांना अंघोळ घालून, केसांना पोमेड लावून तीन वेण्या घालून खाली न्यायचं. उशीर झाला तर बोलणी हिलाच.

आणि मुलं काही करोत, चूक हिचीच. बर्फात हुंदडून कपडे खराब केले, तर ‘तुम्ही काय करत होतात?’ मुलं ऐकत नाहीत, तर ‘तुम्हाला वळण लावता येत नाही.’ वळण लावायला जावं, तर ‘फार कडक वागता हो.’ धाक दाखवायची मुभा नाही, पण जबाबदारी सगळी तिचीच!

इथवर वाचताना मी मनात म्हणत होते, काय बाई हे श्रीमंत लोक! पण पुढे पक्ष्यांचा प्रसंग आला.

टॉमला पाखरं पकडायचा नाद. पकडून त्यांचे हाल करायचा. ते तो टीचरला अभिमानानं सांगतो, आणि वर म्हणतो, पपांनीही लहानपणी असंच केलं होतं. एक दिवस त्याचा मामा त्याला पिल्लांनी भरलेलं घरटं आणून देतो. टॉम एकेका पिल्लाचं काय काय करायचं ते ठरवू लागतो. अ‍ॅग्नेस समजावते, विनवते. तो ऐकत नाही. मग ती एक सपाट दगड उचलते आणि पिल्लांवर टाकून त्यांना एका क्षणात मारून टाकते. हाल हाल होऊन मरण्यापेक्षा हे बरं, म्हणून. मामा खो खो हसतो. आणि आई? आई थंडपणे टीचरला सुनावते, की मुलाची एवढी करमणूक तुम्ही घालवायला नको होती. जनावरं आपल्यासाठीच तर निर्माण झालीत! अ‍ॅग्नेस खालच्या आवाजात पण ठामपणे बोलते. त्यांना छळायचा आपल्याला हक्क नाही, एवढं ती म्हणतेच.

त्या आईचा थंड आवाज वाचला आणि माझ्या कानात एकदम माझंच हसू आलं. पाण्याच्या टाकीमागे फेकलेल्या चपलेचं.

कुठे पाखरांचे हाल आणि कुठे चप्पल, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला तसंच सांगून पाहिलं. पण मुद्दा चपलेचा नव्हताच. पोरानं एका माणसाला त्रास दिला, ते माणूस आपल्या दारात पावसात अनवाणी उभं होतं, आणि पोराची आई हसत होती. पोरगं काय शिकलं त्या दिवशी? टीचरनं शिकवलेला भागाकार तो कदाचित विसरेल. आईचं हसू विसरणार नाही.

शार्लटनं पुढे आपल्या लेखिका मैत्रिणीला, मिसेस गॅस्केलना, हाच पाखरांचा प्रसंग निघाला तेव्हा सांगितलं होतं, की ‘सभ्य’ म्हणवणाऱ्या माणसांची काळी बाजू गव्हर्नेस होऊन राहिल्याशिवाय कुणाला कळायची नाही. ‘अ‍ॅग्नेस ग्रे’ आलं तेव्हा काहींनी टीका केली, की हे फार वाढवून लिहिलंय. त्यावर अ‍ॅननं १८४८ मध्ये दुसऱ्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत शांतपणे उत्तर दिलं. ज्याला तुम्ही अतिशयोक्ती म्हणता, तेच तर मी प्रत्यक्षातून जसंच्या तसं उतरवलंय, अशा अर्थाचं.

पहिली नोकरी गेली म्हणून अ‍ॅन घरी बसली नाही, हे मला फार आवडलं. शार्लटला ही कामं सोसली नाहीत. एमिली तर घर सोडलं की आजारीच पडायची. टिकली ती ही ‘नाजूक’ समजली जाणारी धाकटी! १८४० मध्ये ती यॉर्कजवळच्या थॉर्प ग्रीन इथल्या रॉबिन्सन कुटुंबात गेली आणि पाच वर्षं राहिली. तिथल्या मुली मोठ्या होत्या. त्या लाथा मारत नसत. त्यांचे प्रश्न वेगळे. नटणं, मुरडणं, श्रीमंत स्थळं. उन्हाळ्यात हे कुटुंब स्कारबरोला समुद्रकिनारी जाई, तेव्हा अ‍ॅनलाही नेत. तिथला समुद्र तिला इतका आवडला, की कादंबरीतल्या अ‍ॅग्नेसला तिनं शेवटी समुद्रकाठच्या गावीच नेऊन ठेवलंय. तिथे अ‍ॅग्नेस आपल्या आईबरोबर स्वतःची छोटी शाळा चालवते. दुसऱ्याच्या घरात नाही, आपल्या घरात!

ही शाळेची कल्पनाही खऱ्या आयुष्यातलीच. १८४४ मध्ये तिघी बहिणींनी हॉवर्थच्या घरात मुलींची शाळा काढायचं ठरवलं. पत्रकं छापली, वर्षाला ३५ पौंड फी लिहिली. एकही विद्यार्थिनी आली नाही. कादंबरीत मात्र अ‍ॅननं ती शाळा चालवून दाखवली.

थॉर्प ग्रीनला तिनं भावालाही शिक्षक म्हणून नोकरी मिळवून दिली होती, १८४३ च्या जानेवारीत. तिथे त्याचं मालकिणीशी प्रकरण झालं, असं तो स्वतःच सांगत सुटला. १८४५ च्या जूनमध्ये अ‍ॅननं राजीनामा दिला, जुलैत भावाला काढून टाकलं. त्यानं दारू जवळ केली. बहिणींनी मात्र लेखणी जवळ केली. १८४६ मध्ये तिघींनी पुरुषी वाटतील अशी टोपणनावं घेऊन स्वतःच्या खर्चानं कवितासंग्रह काढला. दोन प्रती खपल्या. दोन! तरी थांबल्या नाहीत. १८४७ च्या ऑक्टोबरात ‘जेन एअर’ आली, डिसेंबरात ‘वुदरिंग हाइट्स’ आणि ‘अ‍ॅग्नेस ग्रे’ एकत्र. पुढच्या वर्षी अ‍ॅनची दुसरी कादंबरी, ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’. दारुड्या नवऱ्याला सोडून मुलाला घेऊन निघून जाणाऱ्या बाईची. तीही १८४८ मध्ये!

आणि मग सगळं भराभर संपलं. १८४८ च्या सप्टेंबरात भाऊ गेला, डिसेंबरात एमिली. अ‍ॅनलाही क्षयानं गाठलंच होतं. तिनं हट्ट धरला, मला स्कारबरोचा समुद्र बघायचाय. शार्लट तिला घेऊन गेली. तिथेच २८ मे १८४९ रोजी ती गेली. वय एकोणतीस. थडग्याच्या दगडावर वय चुकून अठ्ठावीस कोरलं गेलं. ती चूक सांगणारी फरशी तिथे लागायला पुढे दीडशेहून जास्त वर्षं गेली.

पण मला तिच्या आयुष्यातला एक छोटा प्रसंग जास्त लक्षात राहिला. नोकरी सोडल्यावरही रॉबिन्सनांच्या मुली तिला पत्रं लिहीत राहिल्या. लग्नाच्या, मनाच्या गोष्टी आईला नाही, जुन्या टीचरला विचारायच्या. १८४८ च्या डिसेंबरात त्यातल्या दोघी तिला भेटायला हॉवर्थला आल्या. शार्लट खोलीत गेली तर दोघी लहान मुलींसारख्या अ‍ॅनला बिलगून बसल्या होत्या. अ‍ॅन आपली नेहमीसारखी शांत. पाच वर्षं त्या घरात तिला कुणी फारशी किंमत दिली नसेल. पण मुलींना कळलं होतं, की ही बाई आपल्याशी खरं बोलते.

पुस्तक मिटलं आणि ठरवलं, टीचरशी बोलायचं. दुसऱ्या दिवशी शिकवून झाल्यावर तिला स्वयंपाकघरात बोलावलं. नेहमी चहा बाहेर नेऊन द्यायचे, त्या दिवशी म्हटलं, ‘‘बस गं इथेच.’’ ती अवघडून बसली. विचारलं, ‘‘त्या दिवशी, चप्पल हरवली तेव्हा, तुला घरी जायला उशीर झाला का गं?’’

‘‘झाला थोडा, काकू.’’

‘‘थोडा म्हणजे?’’

मग हळूहळू बाहेर आलं. तिचं गाव इथून चौदा किलोमीटर. सव्वासातची एस.टी. मिळाली तर आठपर्यंत घरी. ती चुकली की पुढची साडेनऊला. त्या रात्री पावसात, ओल्या चपलेनं ती स्टँडवर दोन तास बसून होती. लाईट गेलेली. मोबाइलची बॅटरी संपत आलेली. घरी पोहोचली तेव्हा वडील फाट्यावर टॉर्च घेऊन उभे. ‘‘बाबा म्हणाले, सोडून दे ती शिकवणी. पण बी.एड.ची फी भरायचीय ना, काकू.’’

मला काही बोलताच येईना. चार महिने ही मुलगी घरात येतेय. तिचं गाव कोणतं, ती कशानं येते, हे मी एकदाही विचारलेलं नाही. तिचा पगार आम्ही कधी पाच तारखेला दिला, कधी बारा तारखेला. ‘दुकानातून सुट्टे आले की देते’ म्हणून. तिचं आडनावसुद्धा मला तिच्या फोन-पेवर कळलं! (तिचं नाव इथे लिहीत नाहीये. लिहू का, असं विचारलं तर ती लाजून ‘नको’ म्हणाली.)

मी म्हटलं, ‘‘चुकलं बाई माझं. आता सांग, तुला काय हवंय?’’ मला वाटलं, पगार वाढवून मागेल. वाढवायची तयारीही केली होती मनात. ती जरा विचार करून म्हणाली, ‘‘काकू, मी त्याला ‘गणितं झाल्याशिवाय टीव्ही नाही’ म्हटलं, की तुम्ही आतून ‘जाऊ दे गं आज’ म्हणू नका. एवढंच.’’

एवढंच! अ‍ॅन ब्राँटीनंही त्या हवेलीच्या मालकिणीकडे बहुधा एवढंच मागितलं असतं.

तर मैत्रिणींनो, आमच्या घरात आता काही गोष्टी बदलल्यात. पगार एक तारखेला, न मागता. थोडा वाढवलाही. शिकवणी पावणेसातला संपते, म्हणजे एस.टी. चुकायला नको. आणि मी आतून बोलत नाही. हे शेवटचं सगळ्यांत अवघड आहे बरं का! पहिल्याच दिवशी धाकट्यानं भोकाड पसरलं. ‘‘आईऽऽ, बघ ना टीचर!’’ सासूबाई माळ बाजूला ठेवून उठल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि पोळी लाटत राहिले. जीभ अक्षरशः दातांत धरली. पाच मिनिटं रडणं चाललं. मग थांबलं. मग टीचरचा आवाज ऐकू आला, ‘‘हं, सातानं भाग जातो का बघ.’’

धाकटा काही एका महिन्यात संत झालेला नाही. परवाच त्यानं तिच्या वहीवर मिशा काढून ठेवल्या. पण सॉरी म्हणायला त्याला मी पाठवलं नाही, तिनंच लावलं. आणि त्यानं म्हटलं.

आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरी अशी एखादी मुलगी येत असेल. आपल्यापैकी कितीतरी जणी स्वतःच कधीतरी कुणाच्या घरी शिकवायला गेल्या असतील. त्या दारात आपली चप्पल कुठे काढायची, हे कुणी सांगितलं होतं का? पाणी कुणी विचारलं होतं का? आठवून बघा.

काल परतीचा पाऊस आला. पावणेसातला टीचर उठली आणि दाराशी थबकली. चपला पायरीवर नव्हत्या. माझ्या छातीत धस्स झालं. पाहिलं तर चपला आत, पायपुसण्यावर, कोरड्या. कुणी उचलून ठेवल्या, म्हणून मी धाकट्याकडे पाहिलं. त्यानं बोट दाखवलं.

सासूबाई माळ ओढत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘भिजल्या असत्या पोरीच्या.’’